चकव्याची जत्रा

शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला फक्कीची रेघ आणि दुसऱ्या टोकाला झेंड्याचा खांब. मधे साठ-सत्तर पावलांची मोकळी जागा. रेघेवर उभं राहायचं, खांब डोळे भरून पाहून घ्यायचा, मग नववीतली मुलगी डोळ्यांना काळी पट्टी बांधणार आणि तुम्ही सरळ खांबाकडे चालत जायचं. दोन्ही बाजूंनी दोन मुलं सोबत चालतात. ती बोलत नाहीत, तुम्ही पडणार नाही एवढंच बघतात.

मी गेले आणि हातपंपाजवळ पोचले. माझ्या आधी गेलेले गणिताचे सर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागले होते, त्यामुळे माझी फार चेष्टा झाली नाही. पट्टी काढेपर्यंत मी नाकासमोर चालतेय याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती, हीच यातली खरी गंमत. पाय वळत होते आणि डोकं बजावत होतं, सरळ चाललीस, अगदी सरळ.

पारावर बसल्यासारखे पायरीवर टेकलेले एक आजोबा हे सगळं बघत होते. त्यांना यात नवल काहीच वाटलं नाही. "ह्यो तर चकवा," ते म्हणाले. "आमच्या वक्ताला अमावस्येला रानात गेलं की लागायचा. फिरून फिरून त्याच बांधावर. मग चालायचंच न्हाई. बसून ऱ्हायचं, उजाडूस्तवर."

कराडपासून फार लांब नसलेल्या या गावातल्या शाळेत दरवर्षी एक दिवस मेंदूचा असतो. फळ्यावर नाव 'मेंदू जागृती दिन' असं भारदस्त लिहिलेलं असलं, तरी मुलं त्याला 'डोक्याची जत्रा' म्हणतात. मी गेले तेव्हा बावीस टेबलं होती. कापडी मंडप, भाड्याच्या खुर्च्या, आणि दारात एका चौथीतल्या मुलाने सगळ्यांच्या कपाळावर बोट टेकवून विचारलेला प्रश्न: "इथं काय हाय?" बहुतेक जण 'नशीब' म्हणत होते.

आजोबांच्या चकव्याला जर्मनीत दुजोरा मिळालेला आहे. यान सौमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना जर्मनीतल्या एका घनदाट सपाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहाराच्या वाळवंटात सोडलं, सरळ चालत राहा असं सांगितलं आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांच्या वाटा नोंदवल्या. ते २००९ साली प्रसिद्ध झालं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आलं तशी जंगलातली माणसं गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वाळवंटात रात्री चालणारा माणूस चंद्र मावळल्यावर वळला. डोळे बांधलेल्यांची वर्तुळं तर कधी कधी वीस मीटर व्यासाइतकी लहान निघाली. एक पाय आखूड असतो म्हणून असं होत असेल, हा जुना तर्क तपासून त्यांनी बाजूला ठेवला. 'सरळ' कुठे आहे याचा मेंदूचा अंदाज पावलागणिक किंचित ढळतो आणि बाहेरची खूण नसेल तर त्या चुका साठत जातात. अमावस्येला खूण नसते. उजाडेपर्यंत बसून राहा, यापेक्षा शहाणा सल्ला कुठल्या शास्त्रज्ञाने दिला असता?

मेंदूची अशी जाहीर जत्रा भरवण्याची कल्पना अमेरिकेतली. १९९० साली राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी ते दशक मेंदूचं म्हणून जाहीर केलं. प्रयोगशाळांत पैसा आला, शोध लागू लागले, पण ज्यांच्या करातून हे चाललं होतं त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. डेना फाउंडेशन या संस्थेने १९९६ साली एक आठवडा 'ब्रेन अवेअरनेस वीक' म्हणून सुरू केला. आता जगभरची विद्यापीठं, रुग्णालयं, संग्रहालयं मार्चमधल्या त्या आठवड्यात दारं उघडतात आणि शाळकरी मुलांना आत घेतात. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एरिक चडलर यांनी या जत्रांना खेळ पुरवले. दोरी, प्लॅस्टिकचे डबे आणि चेंडू यांतून माणूसभर लांबीची चेतापेशी उभी करण्याचा त्यांचा खेळ कुठल्या कुठे पोचलाय. या शाळेत ती सुंभाची होती, आणि डब्याच्या जागी तळ नसलेली कळशी.

मार्च महिना मात्र आपल्याकडे गैरसोयीचा. जग मेंदूचा उत्सव करत असतं तेव्हा आपली मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसलेली असतात, म्हणजे तीच वस्तू पिळून काढत असतात. म्हणून इथल्या विज्ञानाच्या सरांनी दिवस फेब्रुवारीत ओढून घेतला, २८ तारखेच्या विज्ञान दिनाच्या आगेमागे. सर चाळिशीतले, बोलायला कमी, पण सुतळी, पुठ्ठा आणि डिंक यांच्या बाबतीत कमालीचे उधळे.

मंडपातली पहिली रांग चिंचोक्यांची होती. पंधरा मुलं हातभर अंतराने उभी. प्रत्येकाचा डावा तळवा पसरलेला, उजव्या मुठीत चिंचोका. डाव्या तळव्यावर चिंचोका पडला की आपल्या उजव्या हातातला पुढच्याच्या तळव्यात टाकायचा. हाताला हात लागू द्यायचा नाही, वरून टाकायचा, कारण दोन पेशी एकमेकींना चिकटत नाहीत. मधे फट असते, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी. पेशीच्या आत निरोप विजेसारखा धावतो, फटीपाशी आला की रसायन होऊन पलीकडे उतरतो. तेच रसायन म्हणजे चिंचोका. सातव्या नंबरच्या मुलाने आपला चिंचोका तोंडात टाकला आणि निरोप तिथेच अडकला. सर शांतपणे म्हणाले, "बघा, औषधं आणि दारू नेमकी इथेच काम करतात." हे त्यांनी आधी ठरवून ठेवलं होतं की आयत्या वेळी सुचलं, मी विचारलं नाही.

शेजारी हात दाबायची साखळी. चाळीस मुलं हात धरून गोल उभी, डोळे मिटलेले. एकाने हात दाबला की पुढच्याने दाबायचा, फेरी पूर्ण झाली की घड्याळ थांबवायचं. पहिली फेरी बारा सेकंदांची झाली, चौथी नऊच्या आत. भागाकार मुलांनीच केला: एकेका मुलाला साधारण पाव सेकंद. जाणवणं आणि करणं यांच्यामध्ये वेळ जातो, आणि तो टपरीवर विकत मिळणाऱ्या घड्याळानेही मोजता येतो, हे त्या मुलांना सकाळी अकरा वाजता कळलं. एकोणिसाव्या शतकातल्या योहानेस म्युलर या थोर शरीरशास्त्रज्ञाला ते शक्य वाटत नव्हतं. मज्जातंतूतला निरोप इतका झटपट जातो की त्याचा वेग मोजताच येणार नाही, असं त्याचं मत होतं. त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्झ याने १८५० साली बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेऊन तो मोजला, सेकंदाला सुमारे २७ मीटर. माणसातले सर्वांत वेगवान तंतू शंभरच्या वर जातात. पण शंभर असो की सत्तावीस, विजेच्या तारेपुढे ही बैलगाडीच.

हेल्महोल्ट्झ पुढच्या टेबलावरही होता, नाव न लिहिता. तिथे त्यानेच वर्णन केलेल्या प्रयोगातला लोलकाचा चष्मा होता. तो घातला की सगळं जग एका बाजूला सरकतं. मुलगा समोरच्या बादलीत चेंडू टाकतो आणि चेंडू हातभर उजवीकडे पडतो. दुसरा, तिसरा, दहावा. मग हळूहळू नेम जमतो, पंधराव्याला चेंडू बादलीत. टाळ्या. आता चष्मा काढा आणि टाका. चेंडू डावीकडे! डोळे स्वच्छ, समोर बादली, आणि हात चुकतोय, कारण मेंदूने मघाशी केलेली दुरुस्ती अजून मागे घेतलेली नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो त्याचं हे काम, त्याला इजा झालेल्या माणसाला ही जुळवाजुळव नीट जमत नाही. टेबल सांभाळणारी मुलगी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होती. "चुकलं म्हणजे मेंदू चालू आहे." एवढं एक वाक्य ऐकायला मिळालं तरी मला एसटीचं तिकीट वसूल वाटलं.

पण दिवसाचा मुक्काम झाला तो रंगांच्या टेबलावर.

एका पुठ्ठ्यावर वीस शब्द, मोठ्या अक्षरांत: लाल, हिरवा, निळा, पिवळा, पुन्हा तेच. मात्र 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. करून पाहिल्याशिवाय यातली फजिती कळत नाही. जीभ अडखळते, माणूस चिडतो, हसतो, पुन्हा चुकतो. जॉन रिडले स्ट्रूप याने १९३५ साली याविषयी लिहिलं, आणि मग आयुष्याचा मोठा भाग बायबल शिकवण्यात घालवला. मानसशास्त्रात त्याच्या नावाची चाचणी लाखोंनी वापरली आणि तो रविवारी प्रवचन करत राहिला, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

मुख्याध्यापकांनी वीस शब्दांना पाऊण मिनिट घेतलं आणि सहा चुका केल्या. इंग्रजीच्या बाईंनी मराठी पुठ्ठा बाजूला सारून इंग्रजी शब्दांचा मागितला, म्हणाल्या तो सोपा जाईल. नाही गेला. एवढ्यात पाचवीतल्या नातीचा हात धरून एक आजी आल्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात भाजीची पिशवी. नात म्हणाली, "आजीला वाचता येत न्हाई, बाई." टेबलावरचा मुलगा क्षणभर गोंधळला. त्याला वाटलं आता आजींना परत पाठवावं लागणार. सर मागून म्हणाले, "रंग तर येतात की. विचार."

आजींनी पिशवी खाली ठेवली, पुठ्ठा हाताच्या अंतरावर धरला आणि सुरू केलं. "हिरवा. पिवळा. तांबडा. तांबडा. निळा." थांबणं नाही, अडखळणं नाही. धान्य निवडताना खडा बाजूला करावा तसा एकेक रंग उचलत त्या शेवटच्या ओळीपर्यंत आल्या. चूक शून्य. वेळ मुख्याध्यापकांच्या निम्म्याहून कमी. मंडपात गलका झाला. आजींना कळेना आपण काय केलं. "एवढं सोपं इचारता व्हय?" त्या म्हणाल्या.

अक्षर ओळखीचं असलं तरच ते डोळ्यात घुसतं. वाचायला शिकलेला मेंदू ठरवून वाचत नाही, त्याला न वाचणं जमतच नाही. आजींच्या लेखी ती नक्षी होती, वेगवेगळ्या रंगांची. म्हणूनच अजून अक्षरं न शिकलेली बालवाडीतली मुलंही इथे अडत नाहीत. खरी अडचण वाचन पक्कं होत जातं तशी सुरू होते. शिक्षणाने आपल्याला काय काय दिलं याच्या याद्या आपण नेहमी करतो. शिक्षण आपल्याकडून काही काढूनही घेतं, हे एका पुठ्ठ्यावर इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. आजींना मात्र यापुढे फार वेळ कौतुक करून घ्यायचं नव्हतं, भाजी वाळत होती.

दुपारी कोपऱ्यात गर्दी झाली, कारण भेजा आला. सकाळी खाटकाकडे सांगून ठेवलेला, बोकडाचा, केळीच्या पानावर. परदेशातल्या जत्रांत मेंढीचे मेंदू रसायनात टिकवून आणतात, ते रबरासारखे घट्ट असतात. हा ताजा होता आणि खरवसासारखा थरथरत होता. ज्या वस्तूच्या जोरावर आपण एवढा रुबाब करतो ती बोट लावलं तर खड्डा पडेल इतकी मऊ आहे, हे पुस्तकातलं चित्र सांगत नाही. शेजारी दोन डबे ठेवले होते. एकात कोरडं अंडं, दुसऱ्यात पाण्याने काठोकाठ भरून अंडं. दोन्ही घट्ट झाकून हलवायचे. कोरड्यातलं फुटतं. आपल्या कवटीतलं आणि कण्यातलं मिळून पाणी जेमतेम कपभर, दीडशे मिलिलिटर, पण त्यात तरंगत असल्यामुळे तेराशे-चौदाशे ग्रॅमच्या मेंदूचा भार पन्नास ग्रॅमइतकाच उरतो. "पण मोटारसायकलवरनं पडला तर?" एका बापाने विचारलं. मुलाने पाण्याचा डबा जमिनीवर जोरात आपटला. उत्तर देण्याची गरज उरली नाही. बाहेर तीस-चाळीस मोटारसायकली लागल्या होत्या, हेल्मेटं मी मोजली, तीन.

सरांना हे सगळं सुचलं ते बंगळुरूला. निम्हान्स या तिथल्या मोठ्या संस्थेत मेंदूचं संग्रहालय आहे, सामान्य माणसालाही पाहता येणारं. डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने १९९५ साली तिथे मेंदूची पेढी सुरू झाली, संशोधनासाठी नातेवाइकांच्या संमतीने मेंदू जतन करणारी. मीही तिथे जाऊन आले आहे. बरण्यांच्या रांगा: इथे गाठ, इथे रक्तस्राव, इथे मार. शेवटी मेंदू प्रत्यक्ष हाताळायला मिळतो. पेढीला मिळालेले बरेच मेंदू रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या माणसांचे, कुणीतरी शोकाच्या त्या तासात 'घ्या' म्हणाल्यामुळे तिथे पोचलेले. मी त्यातला एक दोन्ही हातांत धरला होता. जड होता. त्यात एका माणसाचा पत्ता, आईचा आवाज, पाढे असं सगळं कधीतरी होतं. त्याहून अधिक काही मला सुचलं नाही, आणि सरांनाही सुचलं नसावं, कारण त्याविषयी विचारल्यावर ते अंड्याच्या डब्याकडे निघून गेले.

सगळीच टेबलं चांगली होती असं नाही. कणकेचे मेंदू करून त्यावर रंग फासणं हा हस्तकलेचा तास झाला. 'मेंदूविषयी माहिती' या फलकावर चेतापेशींची संख्या शंभर अब्ज लिहिली होती. ती जुनी गोलमटोल संख्या. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल यांनी मेंदू विरघळवून त्याचा चक्क रस्सा केला, त्यातली पेशीकेंद्रं मोजली आणि २००९ साली ८६ अब्ज हा आकडा पुढे आला. मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी खडूने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. शहरातल्या प्रदर्शनांत अलीकडे डोक्याला पट्टा बांधून 'मनाने' खेळण्यातली गाडी चालवतात. तिथे रांग सर्वांत मोठी असते आणि बाहेर पडणाऱ्याला काही कळलेलं नसतं. तो पट्टा इथे नव्हता. पैसे नव्हते हे कारण खरं, पण मला ते बरंच वाटलं.

पालकांचे प्रश्न ठरलेले. बदाम द्यावेत का, ब्राह्मी द्यावी का, डावखुऱ्याला सवय मोडायला लावावी का. आणि तो जुना प्रश्न, माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो ना? वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव खर्च वीस टक्क्यांचा करतो. नव्वद टक्के रिकामा ठेवून एवढा खर्च कुणाला परवडेल? पण हा दहा टक्क्यांचा हिशेब मरत नाही, कारण त्यावर धंदा चालतो. उरलेले नव्वद आम्ही चालू करून देतो, असं सांगणारा नेहमी कुणीतरी भेटतो.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात गावोगाव तो भेटला होता. नाव होतं 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'. दोन दिवसांचं शिबिर, हजारो रुपये फी, आणि शेवटी मंगल कार्यालयात पालकांसमोर कार्यक्रम: डोळे बांधलेलं मूल पत्त्याचा रंग सांगतंय, नोटेचा नंबर वाचतंय. मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या देठाचा दोन-एक सेंटिमीटरचा भाग. बुबुळं फिरवणं, जागं ठेवणं ही त्याची कामं, पार्किन्सनच्या आजारात तिथल्याच पेशी मरतात. तो बंद असलेलं मूल शिबिराला चालत येऊ शकत नाही, ते बेशुद्ध असतं. मंगळुरूचे नरेंद्र नायक आणि त्यांच्यासारखे अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते यांनी यातलं गुपित उघडं केलं. पट्टी कितीही काळी असो, नाकाच्या कडेने खाली फट राहते. कागद कपाळासमोर धरला की वाचन बंद.

जत्रेत शेवटचं टेबल याचंच होतं, आणि मला ते जाणूनबुजून दिवसाच्या शेवटी ठेवलेलं वाटलं. सकाळी मैदानात हीच काळी पट्टी होती. तिथे ती बांधून माणूस स्वतःला फसलेला बघत होता, इथे त्याच पट्टीने दुसऱ्याला कसं फसवतात ते कळत होतं. टेबलावर नववीतला एक बारीक मुलगा. तो आधी स्वतः पट्टी बांधून नोटेचा नंबर वाचायचा, लोक अवाक झाले की फट दाखवायचा. हात इतका सफाईदार की मी विचारलं, "किती दिवस सराव केलास?"

"सराव न्हाई, मॅडम. तिसरीत असताना क्लासला होतो. तिथंच जमलं."

"तिथे सांगितलं होतं, खालून बघ म्हणून?"

"कुणी न्हाई सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं बघत होती. ज्याला दिसत नव्हतं त्याला वाटायचं आपलंच डोकं बंद हाय. मग त्योबी बघायचा."

त्याची आई संध्याकाळी आली, अंगणवाडीचं काम आटपून. क्लासची फी तिने भिशीच्या पैशांतून भरली होती आणि कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या रांगेत बसून रडली होती, हे त्याने मला दुपारीच सांगितलं होतं. घरी मात्र एवढी वर्षं काही बोलला नव्हता.

तो गप्प उभा राहिला. मग त्याने आईला खुर्चीवर बसवलं, पट्टी बांधली, शंभराची नोट तिच्या मांडीशी धरली. "आई, मान वर कर थोडी. आता खाली बघ. नाकाच्या शेजारनं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सावकाश वाचू लागली. "चार. शून्य. सात..." आणि थांबली. "म्हंजी तवा तू..."

"व्हय."

मंडपवाला खुर्च्यांच्या घड्या घालू लागला होता. सर चिंचोके मोजून बरणीत भरत होते. तिने पट्टी काढली नाही. तशीच बसून मान आणखी जरा वर केली.

"दुसरी नोट धर," ती म्हणाली.